कुंभार, वारूळ आणि कोळी : निसर्गाच्या साक्षीचा रूपकविचार

१

निसर्ग ईश्वराच्या अस्तित्वाची साक्ष देतो काय, हा प्रश्न सामान्यतः तत्त्वज्ञानाच्या किंवा धर्मशास्त्राच्या हवाली केला जातो. साहित्यसमीक्षेचा त्याच्याशी संबंध आलाच, तर तो निसर्गकवितेतील ईश्वरभावाची नोंद घेण्यापुरता येतो. परंतु ‘साक्ष’ हा शब्दच या वाटणीला हरकत घेणारा आहे. साक्ष देणाऱ्याला वाचा असावी लागते आणि निसर्गाला वाचा नाही. डोळा, अंकुर, ग्रहांची गती, मधमाशीचे पोळे यांपैकी काहीही स्वतःविषयी बोलत नाही. त्यांच्या मुखी शब्द घालावे लागतात आणि हे काम प्रत्येक वेळी एखादी प्रतिमा करते. जग घटासारखे आहे, घड्याळासारखे आहे, कोळ्याच्या जाळ्यासारखे आहे, असे कोणी तरी प्रथम म्हणतो. मग त्या म्हणण्यावर तर्काची इमारत उभी राहते.

म्हणजे येथे प्रतिमा ही तर्काची सजावट नव्हे, त्याचा पाया होय. भारतीय परंपरेत एकच शब्द दोन शास्त्रांत नांदतो, हे या संदर्भात अर्थपूर्ण आहे. ‘दृष्टान्त’ न्यायशास्त्रात अनुमानाला आधार देतो आणि अलंकारशास्त्रात तो एक अलंकार आहे. पहिल्या ठिकाणी त्याच्याकडून सिद्धीची अपेक्षा असते, दुसऱ्या ठिकाणी प्रतीतीची. निसर्गावरून ईश्वराकडे जाणारे युक्तिवाद बहुधा या दोन अपेक्षांच्या सीमारेषेवर उभे असतात आणि ती रेषा केव्हा ओलांडली गेली, हे त्यांचे त्यांनाही कळत नाही. ती रेषा दाखवणे हे समीक्षेचे काम आहे. त्यासाठी या वादाच्या इतिहासातील तीन प्रतिमा क्रमाने तपासून पाहता येतील : कुंभार, वारूळ आणि कोळी.

२

नैयायिकांचे प्रसिद्ध अनुमान असे आहे : पृथ्वी, अंकुर इत्यादींना कर्ता आहे, कारण ती कार्ये आहेत, जसा घट. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या पाचव्या स्तबकात ईश्वरसाधक हेतूंची जी मांडणी केली, तिच्यात कार्यत्व अग्रस्थानी आहे. या अनुमानात घट हे केवळ उदाहरण दिसते; प्रत्यक्षात सारे तेथेच ठरून गेलेले असते. घट म्हटला की कुंभार आला, कुंभार म्हटला की आधीच असलेली माती आली, दंड आणि चक्र आले. माती मळण्याचे ज्ञान, घट करण्याची इच्छा आणि तो घडवण्याचा प्रयत्न हे सारे आले. न्यायदर्शनातील ईश्वर नेमका याच घडणीचा आहे. परमाणू नित्य आहेत, ते ईश्वराने निर्मिलेले नाहीत. तो निमित्तकारण आहे, उपादानकारण नव्हे. त्याच्या ठिकाणी ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न हे गुण मानले आहेत. जो निष्कर्ष युक्तिवादाच्या अखेरीस हाती आला असे वाटते, तो उपमानाची निवड होताच हाती आलेला होता. पुढे कांटने १७८१ मध्ये रचनेवरून निघणाऱ्या अनुमानाविषयी असेच म्हटले : या मार्गाने फार तर विश्वाच्या वास्तुशिल्पकारापर्यंत पोहोचता येईल, त्याच्या स्रष्ट्यापर्यंत नाही. मातीचा प्रश्न कुंभार सोडवीत नाही.

या अनुमानात ‘अंकुर’ हा शब्द का यावा, हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे. अंकुर हेच तर विरोधकाचे शस्त्र होऊ शकत होते. रानातले गवत कोणी न घडवता उगवताना सर्वांनी पाहिले आहे. मग प्रत्येक कार्याला कर्ता असतो, हा नियम टिकतो कसा? नैयायिकाचे उत्तर मोठे चतुर आहे. अंकुराला कर्ता आहे की नाही, हाच तर वादाचा विषय. तो पक्षातच मोडतो आणि जे पक्षात आहे ते व्यभिचाराचे उदाहरण म्हणून पुढे करता येत नाही. तांत्रिक दृष्ट्या हे उत्तर निर्दोष मानले, तरी त्यातून या युक्तिवादाची मूळ रीत उघड होते. माणसाने घडवलेल्या थोड्या वस्तू दृष्टान्ताच्या बाजूला आणि उरलेला सारा निसर्ग पक्षाच्या बाजूला ठेवला, की निसर्गातील कोणतीही वस्तू विरोधी साक्ष देण्यास अपात्र ठरते. साक्षीदाराला बोलावलेले असते. पण एकाच बाजूने बोलण्याच्या अटीवर.

या अनुमानावरचा एक तीक्ष्ण आघात एका ईश्वरवाद्याने केला, ही गोष्ट विसरता येत नाही. रामानुजांनी श्रीभाष्यातील शास्त्रयोनित्वाधिकरणात त्याची चिकित्सा केली आहे. घटाला कर्ता असतो हे खरे. पण तो कर्ता देहधारी असतो, अल्पज्ञ असतो, आणि मोठ्या वास्तूला कर्ते अनेक असतात. दृष्टान्त प्रामाणिकपणे स्वीकारला, तर जगाचा कर्ता देहधारी, अल्पज्ञ आणि कदाचित अनेक, असे म्हणावे लागेल. रामानुजांचा हेतू ईश्वर नाकारण्याचा नाही. तो शास्त्रावरून जाणावा, अनुमानावरून नव्हे, हे सांगण्याचा आहे. सुमारे सहा शतकांनंतर डेव्हिड ह्यूमच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘डायलॉग्ज कन्सर्निंग नॅचरल रिलिजन’ (१७७९) या संवादग्रंथाच्या पाचव्या भागात फिलो हाच आक्षेप घेताना दिसतो. जहाज अनेक कारागीर मिळून बांधतात, मग जग अनेक देवांनी का बांधले नसेल? ते एखाद्या बालदेवतेचा फसलेला पहिला प्रयत्न का नसेल? एक भक्त आणि एक संशयवादी एकाच फटीवर बोट ठेवतात, याचा अर्थ असा की फट श्रद्धा-अश्रद्धेची नाही; ती उपमेतच आहे.

ह्यूमनंतर तेवीस वर्षांनी, १८०२ मध्ये, विल्यम पेलीने ‘नॅचरल थिऑलॉजी’त घट बाजूला सारून घड्याळ आणले. त्याच्या ग्रंथाचा आरंभ माळरानावर होतो. चालताना पायाला दगड लागला, तर तो तेथे कसा आला याचा विचार करण्याचे कारण नाही. घड्याळ सापडले, तर मात्र घडवणारा मानावाच लागेल. या आरंभाकडे साहित्यकृतीचा आरंभ म्हणून पाहिले, तर घड्याळापेक्षा दगड अधिक बोलका ठरतो. घड्याळाचे वेगळेपण उठून दिसावे म्हणून पेलीला दगड हवा आहे. पण दगड हाही निसर्गच. तो रचनेची साक्ष देत नाही, हे पेलीने पहिल्याच पावलाला मान्य केले आणि मग शेकडो पृष्ठे निसर्ग साक्ष देतो हे दाखवण्यात खर्ची घातली. सारा निसर्ग रचना असेल, तर घड्याळ उठून दिसण्याचे कारण नाही. घड्याळ उठून दिसत असेल, तर सारा निसर्ग घड्याळासारखा नाही.

कुंभाराच्या प्रतिमेचा एक सर्वस्वी वेगळा उपयोग महाराष्ट्रात झाला, त्याची दखल येथेच घ्यावयास हवी. जोतीराव फुले यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त (१८९१) ईश्वरासाठी ‘निर्मिक’ हा शब्द येतो. शब्दाच्या अंगाने तो कुंभाराच्याच कुळातला आहे. परंतु फुले निर्मिकाच्या सिद्धीसाठी अनुमानाचा फारसा प्रपंच करीत नाहीत. त्यांचा तर्क उलट दिशेने वाहतो. निर्मिकाने सर्व स्त्री-पुरुष स्वतंत्र आणि समान हक्कांचे निर्माण केले. म्हणून त्यांच्यातील उच्चनीचता निर्मिकाची नव्हे, माणसाची करणी आहे. येथे निसर्गाकडून ईश्वराच्या अस्तित्वाचा दाखला मागितलेला नाही; माणसाच्या अन्यायाला निसर्गाचा आधार नाही, एवढेच त्यातून वदवून घेतले आहे. निसर्गाच्या साक्षीवर उदयनांनी किंवा पेलीने जो भार टाकला, त्याहून हा भार निराळा आहे, आणि म्हणूनच फुल्यांचे म्हणणे केवळ ईश्वरसाधक अनुमान कोसळल्याने कोसळत नाही.

३

कुंभाराच्या प्रतिमेला दिलेले सर्वांत मार्मिक उत्तर दुसऱ्या प्रतिमेतून आले. सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी ‘प्रमाणवार्तिका’त नैयायिकांना असे सुचवले की मातीचा एक विकार म्हणजे घट कुंभार करतो, एवढ्यावरून मातीचा प्रत्येक विकार कुंभाराचा म्हणायचा असेल, तर वारूळही कुंभाराने केले असे सिद्ध होईल.

या उत्तराचे बळ उपहासात नाही. धर्मकीर्तींचा मुद्दा शब्दांविषयीचा आहे. घटावरून कुंभाराचे अनुमान होते, कारण त्या विशिष्ट प्रकारची रचना आणि कर्ता यांचे साहचर्य पूर्वी पाहिलेले असते. पर्वत, वृक्ष, देह यांनाही ‘रचना’ किंवा ‘कार्य’ हेच शब्द लावले जातात. पण शब्द एक झाला म्हणून वस्तू एकजातीय होत नाही. धूर पांढुरका असतो, म्हणून कोणत्याही पांढुरक्या पदार्थावरून अग्नीचे अनुमान कोणी करीत नाही. शब्दसाम्याला वस्तुसाम्य समजणे हा तर्काचा दोष आहे आणि तो भाषेच्या आश्रयाने होतो. साहित्याच्या अभ्यासकाला हे निदान जवळचे वाटावे.

वारूळ ही प्रतिमा आणखी एका कारणाने अचूक आहे. ते दगडासारखे विस्कळीत नाही आणि घटासारखे योजलेलेही नाही. वाळवीच्या वारुळात दालने असतात, वाटा असतात, हवा खेळती राहण्याची सोय असते. पण त्याचा आराखडा कोणा एका वाळवीच्या डोक्यात नसतो. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर-पॉल ग्रासे याने १९५९ मध्ये या बांधकामाचे स्पष्टीकरण असे दिले, की एका कीटकाने केलेले कामच पुढल्या कीटकाला पुढील कामाची प्रेरणा देते. मातीचा ठेवलेला गोळा दुसरा गोळा तेथे ठेववतो. धर्मकीर्तींना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना फक्त ‘कर्ता नाही’ आणि ‘रचना नाही’ ही दोन विधाने एकच नाहीत, हे दाखवायचे होते. शास्त्राने पुढे त्या दोहोंमधील मोकळी जागा भरली. चार्ल्स डार्विनने केंब्रिजमध्ये पेली आनंदाने वाचला होता. पुढे ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये (१८५९) त्याने मधमाशीच्या षट्कोनी कोठड्यांसारखी रचनाही नैसर्गिक निवडीने, पायरीपायरीने कशी सिद्ध होऊ शकते, ते दाखवले.

मात्र वारुळाचीही मर्यादा आहे. वारुळाला कुंभार नाही, यावरून जगाला कर्ता नाही, हे निष्पन्न होत नाही. घटावरून कर्ता आहे हे निष्पन्न होत नाही, एवढेच सिद्ध होते. म्हणूनच अलीकडचे ईश्वरवादी विचारवंत सजीवांची रचना सोडून विश्वाच्या नियमांकडे वळले. भौतिक स्थिरांकांची मूल्ये किंचित वेगळी असती, तर तारे आणि जीवसृष्टी संभवली नसती. तेव्हा ती कोणी तरी जुळवली असावीत, असा हा युक्तिवाद आहे. त्यात भौतिकशास्त्र नवे असले, तरी ‘जुळवणे’ हे क्रियापद जुनेच आहे. तंबोऱ्याची तार जुळवणारा हात त्या क्रियापदात आधीच दडलेला आहे. शिवाय ह्यूमचा एक आक्षेप येथेही लागू पडतो : अनुमानाला एकाच जातीच्या अनेक गोष्टींचा अनुभव लागतो आणि विश्व तर एकच अनुभवाला आलेले आहे.

डार्विनच्या संदर्भातील आणखी एक गोष्ट प्रस्तुत विवेचनाच्या गाभ्याशी भिडते. १८६० च्या मे महिन्यात अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याला लिहिलेल्या पत्रात त्याने एक अडचण मांडली. सुरवंटाच्या जिवंत देहात राहून तो आतून खाणाऱ्या परोपजीवी गांधीलमाशीची योजना दयाळू आणि सर्वशक्तिमान ईश्वराने मुद्दाम केली असेल, हे त्याच्या मनाला पटेना. आता याच कुळातील दुसऱ्या एका जीवाकडे भारतीय परंपरेने कसे पाहिले, ते ध्यानात घ्यावे. मातीचे घर बांधणारी गांधीलमाशी मराठीत ‘कुंभारीण’ म्हणून ओळखली जाते. ती अळीला आपल्या मातीच्या घरात कोंडते आणि काही दिवसांनी त्या घरातून अळीऐवजी कुंभारीण बाहेर पडते. परंपरेने याचा अर्थ असा लावला की अळी भीतीने सतत कुंभारणीचेच ध्यान करीत राहिली आणि तद्रूप झाली. हाच कीटभृंगन्याय, भक्त ईश्वराच्या ध्यानाने ईश्वररूप होतो, हे सांगण्यासाठी संतसाहित्याने तो मुक्तपणे वापरला. कीटकशास्त्र सांगते की कोंडलेली अळी कुंभारणीच्या पिल्लाचे अन्न असते. बाहेर येते ती अळी नव्हे, तिला खाऊन वाढलेले पिल्लू.

मातीच्या एकाच घरापुढे दोन वाचने उभी आहेत. एकाला त्यात मुक्ती दिसते, दुसऱ्याला क्रौर्य. दोन्ही ‘निसर्गाची साक्ष’ म्हणून पुढे केली, तर त्यातले एक वस्तुस्थितीला सोडून आहे, हे मान्य करावे लागेल. पण कीटभृंगन्यायाने साक्षीदार होण्याचा दावा केला होता काय? या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या प्रतिमेत मिळते.

४

ह्यूमच्या संवादाच्या सातव्या भागात कोळी येतो. ब्राह्मणांच्या मते हे जग एका अनंत कोळ्याने आपल्या पोटातून विणले आहे आणि तो ते पुन्हा पोटात सामावून घेतो, असे फिलो सांगतो. हे आपल्याला हास्यास्पद वाटते, कारण कोळी हा क्षुद्र जीव. पण केवळ कोळ्यांचीच वस्ती असलेल्या एखाद्या ग्रहावर हेच अनुमान सर्वांत स्वाभाविक ठरेल. सुव्यवस्थित जग मेंदूतूनच निघावे, पोटातून का निघू नये? फिलोचा रोख स्पष्ट आहे : माणूस स्वतः कारागीर आहे म्हणून त्याला ईश्वर कारागीर दिसतो. ईश्वराविषयीचे अनुमान हे अनुमान करणाऱ्याचे आत्मचित्र असते.

ही प्रतिमा मुंडकोपनिषदात आहे, ही गोष्ट भारतीय वाचकाला सांगावी लागत नाही. परंतु मुंडकातील कोळी आणि फिलोचा कोळी यांत एक मूलभूत अंतर आहे. फिलो त्याला अनुमानाच्या आखाड्यात उतरवतो. कुंभारणीच्या घराप्रमाणे कोळ्याचे जाळेही पुरावा म्हणून पुढे आले, तर काय अनर्थ होईल हे त्याला दाखवायचे आहे. उपनिषदात मात्र कोळ्यावरून अक्षरब्रह्म सिद्ध केलेले नाही. ते अन्य मार्गाने ज्ञात झालेले आहे; बाहेरून काहीही न घेता त्यातून विश्व कसे प्रकटते, हे समजावे म्हणून कोळी आला, आणि त्याच्या पाठोपाठ पृथ्वीवर उगवणाऱ्या वनस्पती व माणसाच्या अंगावरचे केस आले. तीन दृष्टान्त एका ओळीने येतात, यातच त्यांचे स्वरूप दिसते. पुराव्याला पर्याय चालत नाहीत, स्पष्टीकरणाला चालतात.

दृष्टान्ताचा कोणता अंश घ्यावा आणि कोणता सोडावा, याची शिस्त मराठी गद्याला त्याच्या आरंभापासून लाभली आहे. केसोबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’त चक्रधरांचे सूत्र, त्यानंतर दृष्टान्त आणि त्यानंतर दार्ष्टान्तिक असा क्रम आहे. दार्ष्टान्तिक म्हणजे दृष्टान्त ज्याच्यासाठी दिला, त्या विषयाशी त्याची घातलेली सांगड. गोष्ट सांगून मोकळे होता येत नाही. तिचा कोणता भाग सिद्धान्ताला लागतो, ते सांगावे लागते. ही तिसरी पायरी प्रतिमेला लगाम घालते. पेलीच्या ग्रंथात नेमकी हीच पायरी गळते. घड्याळ जगाला कोणत्या अंशाने लागते आणि कोणत्या अंशाने लागत नाही, हे ठरवण्याआधीच घड्याळजी जगाच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगतो. पृथ्वी, वारा, समुद्र, पतंग, मासा या क्रमात नवव्या अध्यायात कोळी आणि कुंभारीण शेजारीशेजारी येतात. एकनाथांनी वाराणसीत १५७३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘एकनाथी भागवता’मुळे ही कथा मराठी मनात घर करून आहे. या कथेचे महत्त्व असे की तिच्यात निसर्ग साक्षीदार नाही, गुरू आहे. साक्षीदाराला विचारतात : तू काय पाहिलेस? गुरूला विचारतात : मी कसे जगावे? पृथ्वीकडून क्षमा शिकता येते, अजगराकडून यदृच्छालाभात संतोष मानण्याची वृत्ती शिकता येते; त्यासाठी पृथ्वी क्षमाशील आहे किंवा अजगर संतुष्ट आहे, हे सिद्ध व्हावे लागत नाही. कीटकशास्त्राने कुंभारणीची कथा खोटी ठरवली, तरी ज्याचे ध्यान करावे तसे मन होते, हा धडा त्याने बाधित होत नाही. परंतु तीच कथा ईश्वरी सामर्थ्याचा निसर्गातील पुरावा म्हणून कोणी वापरली, तर ती बाधित होते आणि झालीच पाहिजे. सवलत प्रतिमेच्या कार्यावर अवलंबून आहे, तिच्या पावित्र्यावर नव्हे.

५

इतके झाल्यावरही एक गोष्ट उरते आणि तिची वासलात प्रामाणिकपणे लावावयास हवी. निसर्गापुढे उभे राहिल्यावर माणसाला जे वाटते, ते अनुमानाच्या चुका दाखवल्याने नाहीसे होत नाही. ह्यूमला हे ठाऊक होते. संवादाच्या तिसऱ्या भागात क्लीऍन्थीस म्हणतो : डोळ्याची रचना नीट न्याहाळा आणि सांगा, योजकाची कल्पना एखाद्या संवेदनेच्या जोराने मनात उतरत नाही काय? यावर वाक्पटू फिलो क्षणभर गोंधळतो, अशी नोंद संवाद सांगणारा पॅम्फिलस करतो. तार्किक ग्रंथात अशा नोंदीला जागा नसते; नाट्यात असते. ह्यूमने संवादाचा घाट निवडला, तो अशा क्षणांसाठीही असावा. तेथे युक्तिवाद जिंकलेला नाही, पण विस्मयापुढे संशय निःशब्द झालेला आहे.

ही प्रतीती अनुमान नसेल, तर तिला काय म्हणावे? भारतीय काव्यशास्त्रात या प्रश्नाची तालीम झालेली आहे. काव्यातील सूचित अर्थ व्यंजनेने कळतो, असे आनंदवर्धनांनी नवव्या शतकात मांडले. अकराव्या शतकात महिमभट्टांनी ‘व्यक्तिविवेका’त त्याला आव्हान दिले : व्यंजना म्हणून निराळी शक्ती नाही, सूचित अर्थ हा अनुमानाचाच विषय आहे. मम्मटांनी ‘काव्यप्रकाशा’च्या पाचव्या उल्लासात त्याचा प्रतिवाद करताना जे उदाहरण घेतले, ते गोदावरीकाठच्या एका प्राकृत गाथेचे आहे. एक स्त्री एका धार्मिकाला सांगते की आता खुशाल हिंड, तुला भिवविणाऱ्या कुत्र्याला सिंहाने मारले. सूचित अर्थ : इकडे फिरकू नकोस. मम्मट दाखवतात की या सांगण्यावरून असा निषेध अनुमित होत नाही, कारण भित्रा माणूसही गुरूच्या आज्ञेने किंवा प्रेमापोटी भय असलेल्या जागी जातो. शिवाय सिंह खरोखर आहे, याला त्या स्त्रीच्या शब्दापलीकडे प्रमाण नाही. हेतू अनुमानाला अपुरा आहे. तरी सहृदयाला अर्थ कळतो.

निसर्गातून होणारी ईश्वरप्रतीती अशीच व्यंजनेच्या जातीची आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. आणि श्रद्धावंताच्या अनुभवाचे ते बरेचसे यथार्थ वर्णनही ठरेल. पूर्वसंस्कार असलेल्यालाच ती होते, ती युक्तीने दुसऱ्यावर लादता येत नाही, आणि अनुमान खंडित झाले म्हणून ती लोपत नाही. तथापि हे साम्य ईश्वरवाद्याच्या पदरात वाटते तितके टाकत नाही. गाथेतील सूचित अर्थ कळतो, कारण बोलणारी कोण आहे आणि तिला ती जागा एकांतासाठी हवी आहे, हे रसिकाने गृहीत धरलेले असते. व्यंजनेच्या निमित्तांत मम्मटांनी वक्त्याचे वैशिष्ट्य गणले आहे. निसर्ग सूचित करतो, असे म्हटले की कोणी तरी बोलत आहे, हे आधी मानावे लागते. आणि सिद्ध करायचे होते ते तर तेच. तेव्हा व्यंजना ईश्वराची सिद्धी नव्हे. ज्याने वक्ता मानला आहे, त्याला येणारा अर्थ होय. ज्याने तो मानलेला नाही, त्याच्या वाट्याला विस्मय येतो. अद्भुतरसाचा स्थायिभाव विस्मय आहे आणि त्या विस्मयाच्या तळाशी कोणाची सही असलीच पाहिजे, अशी अट रसशास्त्राने घातलेली नाही.

६

या विवेचनाचा मराठी समीक्षेशी थेट संबंध आहे. निसर्गकवितेचे वाचन करताना ती पुष्कळदा ‘ईश्वरी तत्त्वाच्या प्रत्ययाची’ कविता म्हणून नोंदवली जाते आणि तेवढ्यावर वाचन थांबते. बालकवींच्या कवितेला हे वारंवार सोसावे लागले. तिच्यातील निसर्ग सचेतन आहे, हे खरे. पण त्या चैतन्यावरून त्याच्या कर्त्याकडे जाण्याची घाई तिला नाही. ‘फुलराणी’च्या उल्हासाला जो समीक्षक साक्ष म्हणून उभा करील, त्याला ‘पारवा’तील उदासी विरोधी साक्ष म्हणून दाखल करून घ्यावी लागेल. मग कवितेचे न्यायालय होते आणि कवी उलटतपासणीत सापडतो. ‘औदुंबरा’च्या आठ ओळींचे अनेक अन्वयार्थ लावले गेले. त्यांपैकी ज्यांनी झाडाला लगेच कोणा तरी पलीकडच्याचे चिन्ह केले, त्यांच्या हातून त्या कवितेतली स्तब्धता निसटली. कारण ते झाड कशाकडेही बोट दाखवीत नाही, ते फक्त तेथे असते.

‘फक्त असणे’ ही कमी प्रतीची गोष्ट आहे, असा समज पुरावावादी भूमिकेतून येतो. ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’ची दिशा याच्या अगदी उलट आहे. जे स्वयंसिद्ध आहे त्याला शब्दाच्या प्रमाणाचीही गरज नाही, हे शब्दखंडनाच्या प्रकरणात येते. पुढे अज्ञानखंडनात दृश्य जग हा चैतन्याचाच विलास म्हणून उभा राहतो. जग ईश्वराचा पुरावा असेल, तर ते ईश्वराहून वेगळे आणि त्याच्या बाहेरचे असले पाहिजे. धूर अग्नीहून वेगळा असतो तसे. चिद्विलासात ही फारकतच उरत नाही. म्हणून तेथे निसर्ग साक्ष देत नाही. साक्ष देणारा आणि जिच्याविषयी साक्ष द्यायची ती वस्तू यांच्यातील अंतरच मिटलेले असते. ही भूमिका ज्याला पटत नाही, त्यालाही तिची शिस्त मान्य व्हावी : निसर्गावर श्रद्धा ठेवताना तिने निसर्गाकडून खोटा जबाब घेतलेला नाही.

धर्मकीर्तींनी प्रतिपक्षाला निरुत्तर करण्यासाठी जे वारूळ पुढे केले, त्याच वारुळाला गोव्यात सांतेरी म्हणून पूजिले जाते. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त (१९७८) वारूळ आणि भूदेवता यांच्या या नात्याचा मागोवा घेतला आहे. सांतेरीपुढे हात जोडणारी व्यक्ती वारूळ कोणी केले, असे विचारीत नाही. ते वाळवीने केले, हे तिला माहीत असते. त्या माहितीने तिची श्रद्धा वाढत नाही आणि घटतही नाही, कारण ती श्रद्धा कर्त्याच्या शोधावर उभी नाही. धर्मकीर्तींचे म्हणणे तिला मान्य करता येईल आणि तरी हळदकुंकू वाहता येईल.

याचा निष्कर्ष कोणत्याही पक्षाला पुरता सुखावणारा नाही. निसर्ग ईश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा देत नाही; जो पुरावा दिसतो, तो उपमानाने आधीच पुरवलेला असतो. निसर्ग ईश्वराच्या अभावाचा पुरावाही देत नाही. वारूळ कुंभाराला हटवते, त्यापलीकडे जात नाही. साहित्याचा अभ्यासक येथे न्यायाधीश होऊ शकत नाही, होण्याचे कारणही नाही. त्याला एवढेच पाहायचे आहे, की एखाद्या पाठात प्रतिमा कोणते काम करीत आहे : सिद्ध करण्याचे, समजावण्याचे, शिकवण्याचे की केवळ समोर ठेवण्याचे. पहिल्या कामासाठी तिने तर्काचे सारे कर भरले पाहिजेत. उरलेल्या तीन कामांसाठी तिच्याकडून तो कर मागणे म्हणजे कविता न वाचताच तिचा निकाल लावणे होय.